म्हशीआडचा भोपळा

एक होतं भोपळ्यांचं शेत. सगुणामावशीचं. तिथली पद्धत सोपी होती. आपला भोपळा आपण निवडायचा. आपणच तोडायचा. आणि घरी न्यायचा.

त्या शेतात राहायची एक उंदरीण. एवढीशी. तिचं नाव टिचकी. टिचकीला होती तीन पिल्लं.

काल काय झालं? पाट फुटला, पाणी आलं. बुडबुड, बुडबुड, टिचकीच्या बिळात शिरलं. घर गेलं. पिल्लं बसली एका फुटक्या मडक्यात. मडक्याला एक बाजूच नव्हती. वारा यायचा, सूं सूं. पिल्लं कुडकुडायची, हुडहुड हुडहुड.

टिचकी म्हणाली, "आपण भोपळ्यात राहू. आतलं खाऊ. आतच झोपू." आणि ती निघाली भोपळा निवडायला.

तुरु तुरु तुरु.

एक भोपळा पाहिला. पंजा मारला, टिच टिच. आवाज आला, फस्स. आतून सडका. नको.

दुसरा पाहिला. नख लावलं. नख गेलं आत. कोवळा. नको.

तिसरा पाहिला. त्याला देठच नाही. बिनदेठाचा भोपळा टिकतो कुठे? नको.

मग दिसला एक छोटा भोपळा. देठ छान वाळलेला. नख रुतता रुतेना. पंजा मारला, टिच टिच. आवाज आला, ढब ढब.

"हाच," टिचकी म्हणाली. "हेच आमचं घर."

ती पळत गेली पिल्लांना सांगायला. पळत परत आली. आणि बघते तर काय?

भोपळ्यापुढे बसली होती म्हैस. भली मोठी. काळी काळी. टिचकीचा भोपळा म्हशीच्या पोटाआड. ना दिसतोय, ना निघतोय. अख्खं शेत मोकळं पडलंय, आणि बाईसाहेबांना बसायला हीच जागा मिळाली.

टिचकी म्हणाली,
"म्हैसबाई, म्हैसबाई, ऊठ.
म्हैस उठेल, मला माझा भोपळा मिळेल."

म्हैस म्हणाली, "उठते की. पण आधी भोपळ्याची साल हवी." आणि ती रवंथ करत बसली. चबर चबर.

साल कोणाकडे? सगुणामावशीकडे. टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.

सगुणामावशी झोपडीपुढे बसली होती. समोर विळी. विळीशेजारी मोठा लाल भोपळा. चूल पेटलेली. आणि मावशी मात्र हात बांधून बसलेली.

टिचकी म्हणाली,
"मावशी, मावशी, साल काढ.
साल निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, मला माझा भोपळा मिळेल."

मावशी म्हणाली, "काढते की. पण आधी चीर पडू दे. आमच्यात भोपळ्याला पहिली चीर बाप्यानं द्यायची. बाईनं न्हाई देत."

कोणी ठरवलं असं? मावशीला ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. पण मावशी बसून राहिली. मळ्यात आज एकच बाप्या होता. शहरातून आलेले दिगंबरकाका.

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.

दिगंबरकाका भोपळा निवडायला आले होते. सकाळपासून निवडत होते. हा जरा वाकडा. तो जरा चपटा. आता त्यांच्या या बगलेत एक भोपळा, त्या बगलेत एक भोपळा. हात अगदी भरून आलेले.

टिचकी म्हणाली,
"काका, काका, चीर द्या.
चीर पडेल, साल निघेल.
साल निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, मला माझा भोपळा मिळेल."

काका म्हणाले, "देतो की. पण आधी काकूंना यातल्या एकाला हो म्हणू दे. मग माझे हात मोकळे."

टिचकीने सांगितलं, खाली ठेवा की दोन्ही. काका म्हणाले, छे छे, खाली ठेवले तर कुठला कुठला ते कळायचं नाही. आता यावर काय बोलणार?

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.

काकू उभ्या होत्या बांधावर. कडेवर होती त्यांची नात, रेवू. रेवू रडत होती. भ्यँ भ्यँ भ्यँ.

टिचकी मोठ्याने म्हणाली,
"काकू, काकू, हो म्हणा.
काकू हो म्हणतील, चीर पडेल.
चीर पडेल, साल निघेल.
साल निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, मला माझा भोपळा मिळेल."

काकू म्हणाल्या, "म्हणते की. पण आधी हिचं रडू थांबू दे. भोपळा वाजवून बघायचा असतो. या रडण्यात मला ढब ढब ऐकू येत नाही."

तेही खरंच होतं. टिचकीलाही काही ऐकू येत नव्हतं. तिने कपाळावर पंजा मारला. मग ती काकूंच्या पदरावरून वर चढली, सर सर सर. थेट रेवूच्या कानापाशी.

टिचकी म्हणाली,
"रेवू, रेवू, गप्प हो.
रडू थांबेल, काकू हो म्हणतील.
काकू हो म्हणतील, चीर पडेल.
चीर पडेल, साल निघेल.
साल निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, मला माझा भोपळा मिळेल."

रेवू थांबली. डोळे पुसले. म्हणाली, "होते की. पण आधी माझी टोपी." आणि पुन्हा सुरू. भ्यँ भ्यँ भ्यँ.

टोपी कुठे होती? गोंड्याची लाल टोपी? ती पडली होती वेलांत. आणि टोपीत बसला होता कोंबडा. पिसं फुलवून, डोळे मिटून, अगदी मजेत.

टिचकी निघाली. तुरु तुरु... तुरु. आता पाय दुखत होते. सूर्य खाली चालला होता. मडक्यात पिल्लं कुडकुडत होती, हुडहुड हुडहुड. टिचकीला इथवर ऐकू येत होतं. तिला रडूही येत होतं आणि रागही येत होता. राग जरा जास्त.

टिचकी म्हणाली,
"कोंबड्या, कोंबड्या, टोपी सोड.
टोपी मिळेल, रडू थांबेल.
रडू थांबेल, काकू हो म्हणतील.
काकू हो म्हणतील, चीर पडेल.
चीर पडेल, साल निघेल.
साल निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, मला माझा भोपळा मिळेल."

कोंबड्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "सोडतो की. पण आधी म्हैस उठू दे. म्हशीखाली किडे असतात. ती उठली की मी तिकडेच जाणार."

काय?

टिचकी मटकन खाली बसली. कोंबडा थांबलाय म्हशीसाठी. म्हैस थांबलीय मावशीसाठी. मावशी थांबलीय काकांसाठी. काका थांबलेत काकूंसाठी. काकू थांबल्यात रेवूसाठी. रेवू थांबलीय कोंबड्यासाठी. आणि कोंबडा थांबलाय म्हशीसाठी!

नाही असं कोणीच म्हणत नाही. जो तो म्हणतो, देतो की, करते की. आणि सगळे बसलेत जागच्या जागी.

आता मात्र टिचकीचं डोकं फिरलं.

तिने कोणाला विचारलं नाही. कोणाला सांगितलं नाही. ती उठली. तुरु तुरु तुरु तुरु तुरु, थेट मावशीच्या झोपडीपुढे. मोठ्या लाल भोपळ्यावर चढली. आणि लावले दात.

कुर्र कुर्र कुर्र.

साल टणक होती. टिचकीचे दात दुखले.

कुर्र कुर्र कुर्र.

मिशांना भोपळा लागला. नाकाला भोपळा लागला. टिचकी थांबली नाही.

कुर्र कुर्र... करकर... टच्च!

पडली चीर.

मावशीने वाकून पाहिलं. भोपळ्याला चीर. चिरेपाशी टिचकी. मावशी म्हणाली, "आगं बया. पहिली चीर तू दिलीस? तू तर बाईच की गं."

"बाईच," टिचकी म्हणाली. "तीन पिल्लांची आई आहे मी. आता साल काढ."

मावशीने आभाळाकडे पाहिलं. आभाळ वरच होतं. मावशीने जमिनीकडे पाहिलं. जमीन खालीच होती. काहीच झालं नव्हतं. मग मावशीने विळी पुढे ओढली.

खच खच खच.

चीर पडली, साल निघाली.
साल निघाली, म्हैस उठली. हळूच, धडपडत, हुश्श करत.
म्हैस उठली, कोंबडा धावला.
कोंबडा धावला, टोपी मिळाली.
टोपी मिळाली, रडू थांबलं.
रडू थांबलं, काकूंना ऐकू आलं. ढब ढब.
काकू हो म्हणाल्या, काकांचे हात मोकळे झाले.

काका पळत पळत झोपडीपाशी आले. बाह्या सरसावल्या. म्हणाले, "कुठाय भोपळा? आणा, चीर देतो."

चुलीवर भाजी शिजत होती. रट रट रट.

मावशीने दुसरा भोपळा घेतला. काकांकडे पाहिलं. आणि स्वतःच चिरला, खच्च. काकांना म्हणाली, "बसा तुम्ही. जेवूनच जावा."

टिचकीला भाजी नको होती. ती पोचली होती आपल्या भोपळ्यापाशी. छोटा भोपळा, वाळका देठ. पंजा मारला, टिच टिच. आवाज आला, ढब ढब. तिने वेल कुरतडला. देठ मात्र ठेवला, बरं का. पिल्लं आली. सगळ्यांनी लावला जोर. हैय्या हो, हैय्या हो. भोपळा निघाला उतारावरून, गड गड गड गड, आणि थांबला बांधाच्या कुशीत.

मग टिचकीने दार कुरतडलं. आतलं सगळ्यांनी खाल्लं. गोड गोड. पोटं झाली टम्म. वारा आला, सूं सूं. बाहेरच राहिला. कोणी कुडकुडलं नाही.

टिचकी म्हणाली, "चला, झोपा आता."

एक पिल्लू झोपलं.

दुसरं पिल्लू झोपलं.

तिसरं पिल्लू म्हणालं, "झोपतो की. पण आधी..."

टिचकीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तिसरं पिल्लूही झोपलं.