मधल्या डब्याचा मान

आटपाट नगरात नुकतं वायफाय आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बेलसरे वकिलांच्या ऑफिसात आमच्या दुकानातले वायफायचे तीन डबे लागले. थोरला दारापाशी इंटरनेट घ्यायचा, मधला बोळातून ते पुढे पोचवायचा आणि धाकटा मागच्या खोलीत वाटायचा. मधल्याची जागा होती चपलांच्या रॅकवर.

एक दिवस तो कुरकुरला, "मी काय चपला राखायला आलोय?" आणि रुसून त्याने लाल दिवा लावला.

वकिलीणबाई कळवळल्या. "अहो, यंत्र म्हणजे लक्ष्मी! चपलांपाशी ठेवतात का?" त्यांनी त्याला कुंकू लावलं आणि मागच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीखाली बसवलं.

धाकट्याने विचारलं, "दादा, थोरला काय म्हणतोय?"

"इथवर ऐकू येत नाही रे."

"मग आता मी काय वाटू?"

"ते सोड. कुंकू कसं दिसतंय?"

संध्याकाळी दोघांचेही दिवे लाल. "दोन्ही डबे बोगस!" म्हणत वकिलांनी ते आमच्या दुकानात परत आणून टाकले.

धाकटा लगेच खपला. एका दवाखान्यात चपलांच्या रॅकवर बसून तो अख्खा दवाखाना सांभाळतो. मधला आमच्या काचेच्या कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर आहे, कुंकवासकट. मान मोठा आहे हो. फक्त तिथे प्लग नाही.