पाणमांजरांचा होकार

फार जुनी गोष्ट आहे, पण म्हातारे तेव्हाही असेच होते. घनदाट जंगलातल्या नदीत पाणमांजरांचा कळप राहायचा. मोठा मासा आधी म्हाताऱ्यांना, असा तिथला रिवाज. झिपरीसारख्या पोरासोरांच्या वाट्याला गोगलगायी.

एकदा तराफ्यावर बसून एक पंप आला. "काठ थोडा उकरू? सोनं निघेल. सगळ्या आजोबांना चकचकीत कंठे!" कंठ्याच्या नावानं म्हातारे पाघळले. पंपानं काठ गिळला, झाडं पाडली, वाळूतलं सोनं धरायला पारा ओतला. पारा माशांत गेला, मोठे मासे म्हाताऱ्यांच्या पोटात गेले आणि साऱ्या म्हाताऱ्यांच्या माना लटलटा हलू लागल्या. वरखाली, वरखाली!

पंपाची चंगळच झाली. "आणखी उकरू?" माना हलल्या. "उद्या तुमची बिळंही उकरू?" माना हलल्या. "वा! काय समंजस मंडळी!"

बिळं जाणार म्हटल्यावर झिपरी उसळून पुढे आली. "आजोबा, या पंपाचा तराफा काठाला बांधलाय, तो दोर कुरतडू?"

माना हलल्या.

"धबधब्यावरून सोडू खाली?"

माना हलल्या.

"अगं, ते हो म्हणत नाहीयेत!" पंप किंचाळला. "माना पाऱ्यानं हलतायत!"

"आत्ता आठवलं होय रे, लबाडा?" झिपरी म्हणाली. पोरं खिदळत दोरावर तुटून पडली. तराफा गिरक्या घेत धबधब्यावरून गेला आणि शेपट्या आपटून पोरांनी नुसता धिंगाणा घातला.

झिपरी धापा टाकत आजोबांपाशी आली. "चुकलं ना तुमचं?"

आजोबांची मान हलली. ती थांबेल म्हणून झिपरी वाट बघत बसली.