शेवग्याला घातलेला वळसा

“कंत्राटदाराच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

एकदा एका वृद्ध करार-अधिकाऱ्यांनी आपल्या तरुण शिष्येला कामाच्या पहिल्याच सकाळी हा नियम सांगितला. बांधून घेणारा काय मागतो आणि बांधणारा काय कबूल करतो, हे करारात लिहिलेले असते. त्याप्रमाणे इमारत उभी राहते आहे की नाही ते पाहायचे आणि राहिली असेल तरच दाखल्यावर सही करायची, हे या दोघांचे काम. वृद्धांचा त्यात मोठा लौकिक होता. साइटवर ते स्वतःची पाण्याची बाटली नेत, आणि चहा आला की भिंतीचे कोपरे तपासायला निघून जात.

शिष्येचे नाव शाल्मली. ‘का’ विचारल्यावाचून तिला अन्न पचत नसे. तरी तिने वर्षभर नियम पाळला, तोही दात-ओठ खाऊन.

तेव्हा एका धर्मादाय दवाखान्याची इमारत पूर्ण होत आली होती. तिच्या कंत्राटदाराने त्याच सुमारास स्वतःचे घर बांधले आणि वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायला तो साइटवरच आला.

“सर, तुम्ही येणार नाही, माहीत आहे. रीत म्हणून सांगतो,” तो वृद्धांना म्हणाला. मग शाल्मलीकडे वळला. “ताई, तुम्हालाही रीत म्हणूनच.”

“मी येणार,” शाल्मली म्हणाली.

वृद्धांनी चष्म्यावरून पाहिले. “नियम विसरलीस?”

“नियम लक्षात आहे. कारण कोणी सांगितलं नाही.”

“ते विचारायचं नसतं.”

“मग जेवून येते आणि शोधते.”

कंत्राटदाराच्या नव्या घराच्या फाटकापासून ओसरीपर्यंत एक लांबलचक, सौम्य चढाचा रॅम्प होता. मध्ये शेवग्याचे झाड आले होते, तिथे तो झाडाला वळसा घालून पुढे गेला होता. कंत्राटदाराची आई चाकांचा वॉकर ढकलत फाटकापर्यंत सामोरी आली. गुडघे पार गेलेले, पण आवाज खणखणीत.

“चल माझ्याबरोबर. सावकाश येते मी, पण कोणाचा हात धरत नाही.”

दोघी गप्पा मारत वर चढल्या. चढताना आजींचे बोलणे एकदाही तुटले नाही.

“हा शेवगा माझ्या सासूबाईंचा,” आजी म्हणाल्या. “मी तोडू दिला नाही. पोरगा खूप कुरकुरला, मग गुमान वळवून नेला.”

जेवणाच्या वेळी आजी टेबलाच्या टोकाशी खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक पानात मीठ त्याच वाढत होत्या. ते काम त्यांनी सुनेलाही दिले नाही. “पोटभर जेव गं. साइटवर वाऱ्याने उडशील एखाद दिवशी,” त्या शाल्मलीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाल्मली दवाखान्याच्या दाखल्यावर सही करायला गेली. दारापुढे रॅम्प होता. करारात होता त्याच्या निम्म्या लांबीचा, आणि म्हणून दुप्पट उभा. त्याच्या वाटेत देणगीदारांच्या नावांचा चबुतरा बांधला गेला होता. विश्वस्तांनी हा बदल लेखी मान्य केला होता, आणि कागद बिनचूक पाहून वृद्धांनी दाखल्यावर सहीही केली होती. तिची तेवढी राहिली होती.

तिने चाकाची खुर्ची मागवली, तीत सिमेंटचे पोते ठेवायला लावले आणि ती स्वतः ढकलत वर नेऊ लागली. अर्ध्यावर तिला धाप लागली. खुर्ची मागे घसरू लागली तेव्हा कंत्राटदाराने धावत येऊन ती धरली.

“सही होणार नाही, दादा.”

कंत्राटदाराचा चेहरा उतरला. “ताई, काल माझ्याकडे जेवलात.”

“जेवले. बासुंदी दोनदा घेतली.”

“मग?”

“मग काय, रॅम्प उभा आहे.”

संध्याकाळी दवाखान्याच्याच ओसरीवर बैठक बसली. विश्वस्त, कंत्राटदार, वृद्ध करार-अधिकारी आणि शाल्मली. सर्वांत ज्येष्ठ विश्वस्तांनी घसा साफ केला.

“पोरी, रविवारी उद्घाटन. पत्रिका वाटून झाल्या. आणि निदान खाल्ल्या मिठाला तरी जागायचंस.”

“म्हणूनच तो नियम आहे,” वृद्ध शांतपणे म्हणाले. “ज्याच्या घरी जेवलो त्याला ‘नाही’ म्हटलं तर आपण कृतघ्न ठरतो आणि ‘हो’ म्हटलं तर लबाड. दोन्ही टाळायचं तर उंबरठाच ओलांडू नये. कारण हवं होतं ना? हे घे. आता कागद बरोबर आहे, त्यावर सही कर, आणि यापुढे कोणाच्या घरी जाणार नाही असं सर्वांसमोर कबूल कर. नाहीतर उद्यापासून तुझ्या जागी मला दुसरं कोणी पाहावं लागेल.”

शाल्मलीला ती नोकरी प्रिय होती. हे वृद्धही तिला प्रियच होते. तिने दाखल्याचा कागद उचलला आणि सही न करताच त्यांच्यापुढे ठेवला.

“काल जेवायला गेले नसते तर मीही सही केली असती, सर. कागद बरोबरच आहे. पण काल मला मीठ आजींनी वाढलं. त्यांचा वॉकर या चढावर अर्ध्यातून मागे येईल. मिठाला जागते आहे, म्हणूनच ‘नाही’ म्हणते.” मग ती कंत्राटदाराकडे वळली. “दादा, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं येतं. घरी शेवग्याला वळसा घातलात, इथे चबुतऱ्याला घाला.”

कंत्राटदाराने खिशातली मोजायची टेप काढली आणि तो चबुतऱ्याकडे चालू लागला.

“आणि सर,” शाल्मली म्हणाली, “कोणी बोलावलं तर मी जाईन. पोटभर जेवेन. घरातली माणसं कशी चालतात, कशी बसतात ते पाहीन. तुमचा नियम मी पाळणार नाही.”

विश्वस्तांची नजर चबुतऱ्यावरच्या आपापल्या नावावर खिळली होती. वृद्धांनी बाटलीचे झाकण काढले, आणि पाणी न पिताच पुन्हा लावले.

“ताई, दुसरं टोक धरता का?” खालून कंत्राटदाराने विचारले.

शाल्मली पायऱ्या उतरून गेली. चबुतऱ्याभोवती टेप फिरू लागली.