छोटी मोटार आणि घाईतली जीप

सकाळी बर्फातून गाडी चालवत लेकीला, शाल्मलीला, शाळेत मी न्यायचं, या धास्तीने रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तिला, म्हणजे खरं तर मलाच, धीर यावा म्हणून गोष्ट सांगितली.

गाड्या बोलत असत तेव्हाची. बर्फाळ घाटातून एक छोटी मोटार हळूहळू उतरत होती. मागून जीप ओरडली, "सरक गं मुंगे! माझी चारही चाकं ओढतात, तुझी दोनच."

"ओढतात हो ताई, पण बर्फात थांबताना त्याचा काय उपयोग?" म्हणत छोटी कडेला झाली.

जीप सुसाट गेली. वळणावर ब्रेक दाबला आणि घसरून बर्फात रुतली. छोटी सावकाश तिथे पोचली. म्हणाली, "मदत पाठवते हं, ताई."

मी तात्पर्य सांगणार, तोच शाल्मली म्हणाली, "आई, मागच्या काकांनी हॉर्न वाजवला की तू कडेला हो. मी हात करून सांगते त्यांना, हळू जा म्हणून."