लोखंडी कपाटातलं वाय-फाय

दुसऱ्याचं कौतुक कानावर आलं की मॅनेजर भारंबेसाहेबांच्या पोटात दुखायला लागायचं. त्यात त्यांच्या जळगावच्या बियाणे कंपनीत नवं, वेगवान वाय-फाय आलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या विमलताई पाचपांडे दिवसभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधीच उरकू लागल्या. मालकांनी फोन करून त्यांना शाबासकी दिली.

झालं! साहेबांनी वाय-फायचा डबा भिंतीवरून काढून आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात बसवला आणि कुलूप ठोकलं. "वेग साहेबाला हवा. कारकुनांना काय करायचाय?"

दुसऱ्याच दिवशी मालकांशी बोलताना साहेबांचाच व्हिडिओ कॉल चारदा अडकला. ते विमलताईंवर उखडले.

"हा डबा तुम्हीच निवडलात ना? कपाटातून न हलवता पूर्ण वेग दाखवा, नाहीतर चूक लेखी कबूल करा!"

विमलताईंनी किल्ली मागितली. मोबाइलवर वेगाची चाचणी सुरू केली, तो कपाटात ठेवला, दार लावलं. मिनिटभराने काढून साहेबांपुढे धरला. काटा शेवटच्या आकड्यावर होता.

"वेग पूर्ण आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमची खुर्ची तेवढी आत न्यायची राहिली."