टिचकीचा लाडू बसखाली

एक होतं सफारी पार्क. मोठ्ठंच्या मोठ्ठं. त्याच्या तिकिटाच्या खिडकीखाली उंदरांचं एक बीळ होतं. बिळात राहायचे आई, बाबा, दादा आणि टिचकी. टिचकी सगळ्यांत लहान. शेपूट मात्र लांबच लांब.

पार्कात वाघ होता. हत्ती होता. माणसं लांबून लांबून यायची आणि बघून जायची. उंदरांनी मात्र काहीच पाहिलं नव्हतं. दारातच राहिलं की असं होतं.

मग बाबांनी सहल ठरवली. सोमवारी. सोमवारी पार्काला सुट्टी. माणसं नाहीत, गर्दी नाही, अख्खी बस रिकामी. ऊन तिकिटाच्या खिडकीवर आलं की निघायचं, असं बाबांनी सांगून टाकलं. आईने लाडू केला. शेंगदाण्याचा, गूळ घालून. एकच लाडू, पण टिचकीच्या डोक्याएवढा. तो सांभाळायचं काम टिचकीचं.

आई म्हणाली, "लाडू सांभाळलास तर नेऊ. नाही तर चिचुंद्रीकाकूंकडे ठेवू."

चिचुंद्रीकाकू दिवसभर झोपायच्या. पाहुण्यांनाही झोपवायच्या.

घरात वाद सुरू झाला. बसमध्ये खिडकीशी कोण बसणार? बाबा म्हणाले, मी. दादा म्हणाला, मी. टिचकी लाडू घेऊन बाहेर आली. तिने लाडू चाटला. एकदाच. मग आणखी एकदाच. आणि लाडू सुटला.

गडगड गडगड, गडगड गडगड!

लाडू उतारावरून गेला. थेट बसखाली गेला. चाकाखाली अडकून बसला. टिचकीने ओढला. टिचकीने ढकलला. लाडू हलेना. तिला रडू आलं. पण रडून लाडू निघत नाही. म्हणून ती बसकडे गेली.

"बसबाई, बसबाई, पुढे सर.
लाडू निघेना,
मला कोणी नेईना."

बस म्हणाली, "समोर दार आहे. दार उघडलं तर सरेन. नाही तर नाही."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वाघाच्या रानाला दोन दारं. एक बाहेरचं, एक आतलं. आधी आलं बाहेरचं.

"दारदादा, दारदादा, उघड ना.
बस सरेना,
लाडू निघेना,
मला कोणी नेईना."

बाहेरचं दार म्हणालं, "आतलं दार लागलं तर उघडेन. नाही तर नाही. दोघं एकदम उघडलो, तर वाघोबा बाजारात जातील."

टिचकी दाराखालून आत शिरली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दारदादा, दारदादा, लाग ना.
बाहेरचं दार उघडेना,
बस सरेना,
लाडू निघेना,
मला कोणी नेईना."

आतलं दार म्हणालं, "मध्येच वाघोबा झोपलेत. वाघोबा उठले तर लागेन. नाही तर नाही."

टिचकी पुढे गेली. तुरुतुरु... आणि थांबली.

वाघ होता. पिवळा पिवळा. काळे काळे पट्टे. त्याची एक मिशी टिचकीच्या शेपटीहून लांब. टिचकी घाबरली. खूप घाबरली. मग तिला चिचुंद्रीकाकू आठवल्या.

"वाघोबा, वाघोबा, उठा ना.
आतलं दार लागेना,
बाहेरचं दार उघडेना,
बस सरेना,
लाडू निघेना,
मला कोणी नेईना."

वाघाने एक डोळा उघडला. म्हणाला, "तिकडे ऊन आहे. इथे सावली आहे. हत्तीने माझ्या डबक्यात पाणी दिलं तर उठेन. नाही तर नाही."

त्याने डोळा मिटला. घुर्रर्र, घुर्रर्र.

कुंपणापलीकडे हत्ती. हत्तीजवळ हौद. टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"हत्तीदादा, हत्तीदादा, पाणी दे ना.
वाघोबा उठेना,
आतलं दार लागेना,
बाहेरचं दार उघडेना,
बस सरेना,
लाडू निघेना,
मला कोणी नेईना."

हत्ती नुसता डुलत होता. म्हणाला, "कानात मुंगी शिरलीय. गुदगुल्या होतात. सोंड सरळ राहत नाही. मुंगी निघाली तर देईन. नाही तर नाही."

टिचकी सोंडेवरून चढली. डोक्यावर गेली. कानात डोकावली.

"मुंगीताई, मुंगीताई, बाहेर ये ना.
हत्ती पाणी देईना,
वाघोबा उठेना,
आतलं दार लागेना,
बाहेरचं दार उघडेना,
बस सरेना,
लाडू निघेना,
मला कोणी नेईना."

मुंगी म्हणाली, "काही गोड मिळालं तर निघेन. नाही तर नाही."

टिचकीकडे गोड काय होतं? काही नव्हतं. गोड होतं ते बसखाली. टिचकी खाली बसली. आता कोणाकडे जाणार?

मुंगी म्हणाली, "तुझ्या मिशीला काय लागलंय?"

टिचकीने मिशी चाचपली. मिशीला लाडवाचा कण होता. चाटताना लागलेला. तिने तो मुंगीला दिला.

मुंगीने कण उचलला. मुंगी निघाली.
हत्तीची सोंड सरळ झाली. हौदात गेली. फुस्स! डबकं भरलं.
वाघोबा उठले. डबक्यात गेले. डुबुक!
आतलं दार लागलं. खटाक!
बाहेरचं दार उघडलं. कर्रर्र!
बस सरली. घुं घुं घुं!
आणि लाडू निघाला.

एका बाजूने चपटा झाला होता. पण होता लाडूच. टिचकी पळत आली आणि तिने तो घट्ट धरला.

ऊन खिडकीवर आलं. बाबा बिळाबाहेर आले. दार उघडं. बस तयार. बाबा खूश झाले. सगळं त्यांनी ठरवलं होतं तस्संच झालं होतं ना.

आईने लाडू पाहिला. म्हणाली, "हा चपटा कसा?"

टिचकी म्हणाली, "बसखाली गेला होता. मीच चाटत होते. पण मीच काढला."

दादा हसला. एवढीशी टिचकी, एवढी मोठी बस. त्याला काही ते पटेना. आईने मात्र टिचकीचा हात धरला आणि तिला बसमध्ये घेतलं. टिचकी सगळ्यांच्या मागे बसली. तिथून नुसती बाबांची पाठ दिसत होती.

बस आत गेली. बाहेरचं दार लागलं. खटाक! मग आतलं उघडलं. कर्रर्र!

डबक्यात वाघ होता. बस थांबली. बाबांनी डोळे मिटले. दादाने बाबांना धरलं. आईने शेपूट पोटाशी घेतली.

वाघाने मान वर केली. बसकडे पाहिलं. खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं. पार मागे पाहिलं.

वाघ म्हणाला, "लाडू निघाला का गं?"

टिचकी म्हणाली, "निघाला, वाघोबा."

वाघ म्हणाला, "बरं झालं." आणि पाण्यात गेला. डुबुक!

मग बाबा उठले. खिडकीशी टिचकीला बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बसले. आईने लाडू फोडला. चपटा भाग सगळ्यांनी वाटून खाल्ला. गोल भाग टिचकीला मिळाला.

लाडू संपला. गोष्टही संपली. आता तोंड पुसा. ओठाला काही गोड लागलं असेल, तर मुंगीला ठेवा.