चौदावा प्रश्न

“मग तो माणूस कोण?” उजगरे सरांनी विचारलं.

“ते उताऱ्यात दिलेलं नाही,” प्रणिता म्हणाली.

“दिलेलं आहे.”

“नाही सर! तेराच्या तेरा उत्तरं बरोबर आली माझी, तीही अठरा मिनिटांत. तुम्हीच भिंग धरून तपासलीत. तीही अठरा मिनिटांत.”

सरांनी भिंग खाली ठेवलं.

मी तिथंच होते. मिरजेत सरांच्या शेजारी माझं घर. दुपारच्याला त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे, हे माझं काम. अक्षर मला एक येत नाही, पण कानावर पडलेलं कधी सांडत नाही.

प्रणिता जतची. इथल्या दवाखान्यात नर्स. आयर्लंडात नोकरी ठरलेली, पण आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी, म्हणून सरांकडं शिकायला यायची. वाचनात पोरगी तलवार, लेखनात दोनदा आपटलेली. तिसरी खेप शनिवारी. आता पडली की ती जागा दुसरीला जाणार.

“अख्खा उतारा वाचलास?” सरांनी विचारलं.

“अख्खा वाचायचाच नसतो सर. क्लासात शिकवलंय ना. आधी प्रश्न बघायचा, मग त्यातला शब्द उताऱ्यात हुडकायचा. साल विचारलं, साल हुडकलं. गाव विचारलं, गाव हुडकलं. बाकीचं वाचत बसलं की वेळ गेला.”

“आणि लिहिताना?”

“चाळीस निबंध तोंडपाठ आहेत. तरी अर्ध्या गुणानं पाडतात मेले!”

सर उठले. थर्मासमधला चहा कपात ओतायला लागले. एक बोट कपाच्या आत. चहा बोटाला लागला, तसा हात थांबला.

पोरगी फिस्सकन हसली. “कपात बोट? अहो सर, मी नर्स आहे! आक्का, तुम्ही तरी सांगा की यांना.”

मी थेंबांच्या बाटलीला झाकण लावत बसले.

सरांनी तोच उतारा परत तिच्यापुढं सरकवला. टेबलावरचं घड्याळ पालथं घातलं.

“आता प्रश्न नाहीत. वाच.”

“पण सर, शनिवार...”

“वाच.”

ती वाचायला लागली. ओठ भराभर हलत होते. मग हळू झाले... मग थांबले.

तिनं कपाकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या बाटलीकडं.

“सर... यातला म्हातारा कपात बोट घालून चहा ओततो.”

“हं.”

“शेजारीण त्याच्या डोळ्यांत थेंब घालते.”

“पुढं?”

“काचबिंदू. डावा डोळा गेलाय. उजवा...” तिनं ती ओळ परत वाचली. “उजवा दिवाळीपर्यंत.”

“पुढं.”

“त्याच्याकडं एकच वही तपासायची राहिलीय. जतच्या एका नर्सची. त्यानंतर तो कुणाची...”

कागद तिच्या हातातून सुटला.

आठवडाभर सर ते लिहीत होते. नाक कागदाला टेकवून. मी विचारलं तर म्हणाले, पोरीसाठी उतारा करतोय आक्का, कुठं बोलू नका.

प्रणिता उभी राहिली. पुन्हा बसली.

“सहा महिने येतेय मी इथं. ही बाटली रोज समोर असायची. वॉर्डात असल्या बाटल्या रोज माझ्या हातात असतात! आणि मी... मी तेराच्या तेरा...”

चहा निवून गेला.

सरांनी एक कोरा कागद चाचपून काढला, तिच्यापुढं ठेवला.

तिचा हात सवयीनं निबंधांच्या वहीकडं गेला. तिथंच थांबला. वही तिनं उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मला वाचता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाली, “सर, दिवाळीनंतर तुम्हाला कोण वाचून दाखवणार?”

सरांनी तिच्याकडं मान वळवली. जराशी चुकलीच, भिंतीकडं गेली.

“हा चौदावा प्रश्न,” ते म्हणाले. “लिही आता.”